सहा मिनिटं आधीची बांग

कासमचाचा,

तुम्ही गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. जऊळक्यात तुमच्याबद्दल अजून बोलणं चालूच आहे. चहाच्या टपरीवर, बाजारात, मशिदीच्या सहनात, म्हणजे अंगणात, सगळीकडे आता तुमचं आणि माझं नाव सोबतच निघतं. तुमचं नाव घेताना लोक हळू बोलतात. माझं घेताना मी आसपास आहे का ते आधी पाहून घेतात. माझी तक्रार नाही. हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, तुमच्या डोळ्यांदेखत.

हे उर्दूत लिहिलं असतं, पण मी शिकलो झेडपीच्या मराठी शाळेत. आणि तुम्ही तरी माझ्याशी उर्दू कधी बोललात? तरुणपणी धनुकली खांद्यावर टाकून धनजपासून शिरपूरपर्यंत गावोगाव कापूस पिंजत फिरलेला माणूस. लोकांच्या ओसरीत बसून गाद्या भरता भरता जी बोली तोंडात बसली, तीच तुम्ही मशिदीतही बोलायचात. नवे मौलाना आले की पहिल्या दिवशी हसायचे. तुम्ही म्हणायचात, "अल्लाहले वऱ्हाडी समजत नाई का?"

मला नमाज तुम्ही शिकवली. अब्बा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. अम्मीनं मला तुमच्याकडे आणून सोडलं, कारण मशिदीत सगळ्यात आधी येणारा आणि सगळ्यात शेवटी जाणारा माणूस म्हणजे तुम्ही. पाच वेळची बांग तुमची, झाडू तुमचा, हौदाचं पाणीही तुमचंच. नमाजआधी हातपाय धुताना, वुजू करताना, माझं कोपर कोरडं राहायचं, तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं धुवायला लावायचात. चिडून नाही. तुमच्याजवळ वेळ खूप असायचा.

एक प्रसंग मात्र मी आयुष्यभर सोबत घेऊन फिरलो, आणि तरी त्याचा मला काही उपयोग झाला नाही. पारबतामायची कोंबडी मी दगड मारून लंगडी केली होती. कुणी पाहिलं नव्हतं. मी पळत मशिदीत आलो, हौदावर हातपाय धुतले, कोपऱ्यात बसलो आणि तुम्ही शिकवलं होतं तसे हात उचलून माफी मागितली. तुम्ही विचारलंत, आज इतक्या लवकर काहून आला? मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं की माझ्याकडून गुन्हा झाला होता, पण काळजी नको, अल्लाहकडे माफी मागून झाली आहे.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "थे कोंबडी अल्लाहची व्हती का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"जिची व्हती तिले पयले सांग. मंग इथं ये."

तुम्ही माझा हात धरून मला पारबतामायच्या अंगणात नेलंत. ती खूप बोलली, तुम्हालाही दोन शब्द ऐकवले. तुम्ही माझ्या शेजारी मान खाली घालून उभे होता, जणू दगड तुम्हीच मारला. शेवटी तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, जाय, पुन्हा करजो नको. परत आल्यावर तुम्ही मला दोन रकात नमाज पढायला लावलीत आणि म्हणालात, आता माग, आता थो ऐकते.

सात वर्षांचा असताना मला ते जमलं, कारण हात तुमच्या हातात होता. पुढे जेव्हा गरज पडली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि ज्यांच्या अंगणात जायचं होतं ते तुम्हीच होता.

त्या वर्षी रमजान मृगात आला होता. दिवस लांबच लांब, त्यात उकाडा. मशिदीतलं ठोक्याचं जुनं घड्याळ बंद पडलं. स्टेशन रोडवर माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान टाकून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मी ते घड्याळ उतरवून दुकानात आणलं. स्प्रिंग बदलली, चाकं रॉकेलमध्ये धुतली, तेल दिलं, काच पुसली. मशिदीचं काम म्हणून जीव ओतून केलं. शेवटी वेळ लावली ती दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळावरून. ते मी मुद्दाम सहा मिनिटं पुढं ठेवायचो, अकोल्याला सामान आणायला जाताना सकाळची पॅसेंजर चुकू नये म्हणून. पाहताना मनातल्या मनात सहा मिनिटं वजा करायची सवयच झाली होती. त्या दिवशी वजा केली नाहीत. मूळ चूक एवढीच.

घड्याळ टांगलं त्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं. तुम्ही नेहमीप्रमाणे गच्चीवर जाऊन सूर्य पाहून आलात, तो पूर्ण बुडाल्यावरच बांग दिलीत. नमाजनंतर मला बाजूला घेऊन म्हणालात, "नईम, हे घड्याळ मले घाईवर वाटते. एक डाव पाहून घेजो."

मला राग आला. तुम्ही बाजूला घेतलंत, तरी जवळची चार माणसं ऐकत होती आणि मी गावातला एकमेव घड्याळवाला. मी हसून म्हणालो, "चाचा, घड्याळ नवं केलं मी. तुमचे डोये जुने झाले."

लोक हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, असन बाप्पा, तुले जास्त समजते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. सूर्याचा पत्ता नाही. तुम्ही गच्चीवर गेलात, खाली आलात, पुन्हा गेलात. मग घड्याळाकडे पाहिलंत. मी सांगितलं होतं ना, घड्याळ बरोबर आहे म्हणून. तुम्ही माइक सुरू केलात.

सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते, पण तोंडापाशी खजूर धरलेला माणूस मोबाइल पाहत नाही. तो बांग ऐकतो. पूर्ण मोहल्ल्यानं रोजा सोडला. त्याच दिवशी मशीद कमिटीचे अध्यक्ष, सदर साहेब, यांच्या नातीचा, सनाचा, आयुष्यातला पहिला रोजा होता. सात वर्षांची पोर दिवसभर पाण्याविना राहिली होती. तिला नवे कपडे, गळ्यात हार, मोहल्ल्यातल्या बाया जमलेल्या. आम्ही मशिदीत सरबताचे पेले खाली ठेवून उठत होतो, तेवढ्यात सना धावत दारात आली. तिच्या आजोबांना शोधत होती. ती म्हणाली, "दादाजी, सूरज तं अजून दिसून राह्यला."

आम्ही बाहेर आलो. ढग बुडापाशी फाटले होते आणि त्या फटीत सूर्य होता. लाल, ओला, पूर्णच्या पूर्ण. पन्नासेक माणसं त्याच्याकडे पाहत उभी राहिली. कुणाच्या तोंडातला घास तोंडातच. सदर साहेबांनी वाशिमला भावाला फोन लावला. तिकडं बांग व्हायची होती.

मौलानांनी समजावलं की हा जाणूनबुजून केलेला गुन्हा नाही, पण रोजा झाला नाही. ईदनंतर सगळ्यांनी एक रोजा पुन्हा धरावा. सना मात्र समजण्याच्या वयाची नव्हती. तिला वाटलं, तिचा रोजा अल्लाहनं परत पाठवला. हार काढून तिनं फेकून दिला, असं तिची आई नंतर सांगायची.

मला कारण तेव्हाच कळलं होतं, चाचा. सूर्य पाहिला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर सगळे गेल्यावर मी मागं थांबलो. स्टुलावर चढलो, घड्याळाची काच उघडली. ठोक्याच्या घड्याळाचे काटे मागं फिरवायचे नसतात, आतले दात बिघडतात. लंबक धरून तितका वेळ थांबावं लागतं. मी लंबक धरून उभा राहिलो. मागं सहनात तुमच्या झाडूचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी वळून पाहिलं नाही. सहा मिनिटं मी तसाच उभा होतो, पाठमोरा, आणि तुमचा झाडू त्या सहा मिनिटांत एकदाही हलला नाही. मी लंबक सोडला, काच लावली, खाली उतरलो. तेव्हा कुठं झाडू पुन्हा सुरू झाला.

तुम्ही त्या वेळी हाक मारली असतीत तर? मी रडलो असतो, सगळं सांगितलं असतं, असं मला आज वाटतं. पण हे आज वाटतं.

दुपारच्या जोहरनंतर कमिटी बसली. सदर साहेब नातीमुळे आधीच पेटलेले. कुणीतरी म्हणालं, घड्याळ नुकतंच दुरुस्त होऊन आलं, ते एकदा तपासा. सदर साहेबांनी मला उठवलं. मी घड्याळापाशी गेलो, त्यांच्या मोबाइलशी वेळ जुळवली, आणि सगळ्यांसमोर बोललो, "घड्याळ बरोबर आहे."

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. मशिदीत, रोजाच्या तोंडानं, मी खरं बोललो आणि तुम्हाला बुडवलं.

सगळे तुमच्याकडे वळले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग सदर साहेबांना म्हणालात, "घड्याळ बरोबर हाय. माहीच नजर चुकली."

सदर साहेब म्हणाले, कासमभाई, वय झालं, डोये जुने झाले, उद्यापासून बांग दुसरा कोणी देईल. माझेच शब्द. त्यांनी ते दोन दिवसांआधी माझ्या तोंडून ऐकले होते. तुम्ही माइकच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून त्यांच्यापुढं ठेवलीत आणि चपला घालून घरी गेलात.

तीस वर्षं तुमची बांग होती. माइक यायच्या आधीपासूनची. शेतात सोंगणीला गेलेल्या बाया तुमच्या दुपारच्या बांगेवर शिदोरी सोडायच्या. आठवडाभरानं त्यांनीच माझ्या दुकानात येऊन विचारलं, कासमभाऊ बिमार हायेत का, आवाज येत नाही. मी म्हणालो, आराम करून राह्यले. तेही खोटंच. एक खोटं बोललं की त्याची लेकरं सांभाळावी लागतात.

त्यानंतर मी माफी मागायला लागलो. अल्लाहकडे. रोज, पाचही वेळ. नमाज झाली की तसबीहची माळ घेऊन शंभर वेळा अस्तगफिरुल्लाह, अल्लाह माफ कर. ईदनंतरचा रोजा धरला, वर आणखी तीन धरले. सजद्यात कपाळ टेकलं की रडायलाही यायचं, आणि रडलं की बरं वाटायचं. दोन दिवस छाती हलकी राहायची. मग पहिल्या सफेत, पुढच्या रांगेत, तुमची पाठ दिसायची. बांग सुरू झाली की तुमचे ओठ तिच्यासोबत हलायचे, आणि नव्या पोरानं एखादा शब्द आखूड केला की तुमचा खांदा किंचित उचलला जायचा. माझी तौबा तिथंच संपायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, कोरड्या कोपरासारखी.

तुम्ही माझ्याशी वागण्यात काही बदल केला नाहीत, हे सगळ्यात अवघड होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही धंदा सोडला होता. कापसाची धूळ छातीत बसून खोकला लागला होता. तरी माळ्यावरची धनुकली उतरवून स्वतः कापूस पिंजलात, गादी भरलीत, टाके घातलेत आणि हातगाडीवरून घरी आणून दिलीत. म्हणालात, बापानं द्याची असते, थो नाई तं मी. मी त्याच गादीवर झोपतो, चाचा. माझी मुलगी त्याच गादीवर झाली.

एकदा मी सांगायच्या अगदी जवळ आलो होतो. तुम्हाला आठवत असेल. तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजनंतर तुम्ही घराच्या ओट्यावर बसला होता, मी येऊन शेजारी बसलो आणि दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं विचारलं. समजा एखाद्यानं खोटं बोलून कुणाची अब्रू घालवली, आणि मग अल्लाहकडे मनापासून माफी मागितली, तर मिळते का?

तुम्ही घरात चहा मांडायला सांगितलंत. मग म्हणालात, "अल्लाहच्या हक्कातलं असन तं थो देते. समुद्राएवढं असलं तरी देते. पन मानसाच्या हक्कातलं थो परस्पर माफ करत नाई. काहून करन? थे त्याचं नाई."

"अन् त्या माणसाले सांगाची हिंमत नसन तं?"

"हिंमत लागत नाई नईम. तोंड लागते."

आणि तुम्ही थांबलात. रस्त्याकडे पाहत बसलात, मुद्दाम, माझ्याकडे न पाहता. चहा आला. तुम्ही तो निवू दिलात. इतका वेळ तुम्ही मला कधीच दिला नव्हता, वुजू शिकवतानासुद्धा नाही. मी बशीतला चहा पिऊन उठलो, म्हणालो, दुकान उघडं आहे. तुम्ही म्हणालात, जाय.

माझं तुमच्याशी एक भांडण आहे, ते मला इथंच भांडू द्या. तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी सुटलो असतो. तुम्ही का बोलला नाहीत? मला वाचवत होता? नवं दुकान, बापाविना पोर, गावात नाव जाईल म्हणून? असेल तर तुमची ती दया मला फार महाग पडली. की तुम्हाला वाटत होतं की माझं तोंड मीच उघडावं, कारण दुसऱ्यानं उघडलेल्या तोंडातून तौबा निघत नाही? तसं असेल तर तुम्ही माझ्यावर फार भरवसा टाकलात. काहीही असलं तरी दहा वर्षं आपण दोघं एकाच मशिदीत पुढं-मागं उभं राहून नमाज पढलो, आणि एकाच गोष्टीबद्दल गप्प राहिलो. हे तुमचं मला पटलेलं नाही. आज तुमच्यावर रागवताना लाज वाटते, पण राग आहे.

मग तुमचे कान गेले. आधी बांग अस्पष्ट झाली, मग ऐकूच येईनाशी. लोक उठले की तुम्ही उठायचात. शेजारच्याला खुणेनं विचारायचात, झाली का? यंदाच्या थंडीत खोकल्यानं तुम्हाला खाटेला लावलं. तुमचा मुलगा इरफान नोकरीनं अकोल्यात, म्हणून मुलगी शाहीन आपल्या पोरांसह रिसोडहून तुमची काळजी घ्यायला आली.

शेवटची भेट दुपारची. पुढच्या खोलीत खाट, पायावर रजई. मला पाहून तुम्हाला आनंद झाला. माझ्या मुलीचं नाव घेऊन विचारलंत, कुराण कुठवर आलं? मी बोटांनी सांगितलं. मग मी खाटेच्या काठावर बसलो, खाली वाकलो आणि बोललो. त्या दिवशी मी खरंच बोललो, चाचा. म्हणालो, "ते घड्याळ पुढं होतं. मी लपवलं. सगळ्यांसमोर खोटं बोललो. मला माफ करा."

पण किती हळू. सजद्यात बोलतात तितकं हळू. तुम्हाला ऐकू जायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडलो असतो तर आतल्या खोलीत शाहीनला, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं. तुम्ही हसलात. माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "हो, हो. बरं हाय आता."

शाहीन चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "काय म्हनता भाई? त्याईले जोरानं बोला लागते."

मी म्हणालो, "काही नाही, तब्येत विचारत होतो."

घरी जाताना मी स्वतःला समजावलं की तुम्ही हो म्हणालात. दोनदा म्हणालात. अस्रला मी शुकराण्याची, आभाराची, नमाज पढलो. त्या रात्री पोटभर जेवलो, आणि पुढचे नऊ दिवस मी माफी मिळालेल्या माणसासारखा जगलो. दहा वर्षांत इतका सुखात नव्हतो.

दहाव्या दिवशी सकाळी माइकवरून तुमच्या इंतकालची खबर आली.

जनाजा मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत ठेवला. सफा लागल्या. नमाजच्या आधी रिवाजाप्रमाणे इरफान पुढं आला. बापाकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर अल्लाहसाठी माफ करा, असं तो म्हणाला. एवढ्यावर थांबतात लोक. तो थांबला नाही. म्हणाला, "अन् एका रमजानमदी अब्बाच्या चुकीनं सगळ्यायचा रोजा गेल्ता. सदर साहेब, सनाचा पयला रोजा व्हता. त्याईच्या मनात थे शेवटपर्यंत राह्यलं असन. तेवढं माफ करा."

माझ्या आजूबाजूला लोक म्हणत होते, माफ केलं, माफ केलं. शेजारचा माणूस म्हणाला. पुढचा म्हणाला. माझा गुन्हा लोक तुम्हाला माफ करत होते, आणि तुम्ही तोंड झाकून समोर पडला होता.

मी सफेतून पुढं कसा आलो ते आठवत नाही. मी म्हणालो, "ती चूक चाचांची नव्हती. घड्याळ माझ्या दुकानातून पुढं लावून आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते गुपचूप सरळ केलं, आणि मग तुम्हा सगळ्यांना सांगितलं की बरोबर आहे. चाचांनी मला पाहिलं होतं. ते बोलले नाहीत."

इरफान माझ्याकडे पाहत राहिला, मग त्यानं तोंड फिरवलं. सदर साहेब आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मौलानांना सांगितलं, नमाज सुरू करा.

जनाजाच्या दुवेत आपण म्हणतो, आमच्या जिवंतांना माफ कर आणि आमच्या गेलेल्यांना. जिवंतांचं नाव आधी येतं. कितीतरी जनाजे पढलो, पण हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

माती दिल्यावर सदर साहेब तुमच्या कबरीपाशी बसले. गुडघे वाकत नाहीत त्यांचे, तरी बसले. म्हणाले, "कासमभाई, मले माफ करजो." उठताना मी हात द्यायला गेलो, तर त्यांनी काठीवर भार दिला आणि मला म्हणाले, "तू खोटं बोलला थे तुह्यं. पन त्याले काढलं मीनं, माह्या तोंडानं. मले कायले गुन्हेगार केलं?" मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण माफ केलं असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, मले वेळ लागन.

मौलानांना मी विचारलं, ज्याचा हक्क मारला तो माणूस गेल्यावर काय करायचं? ते म्हणाले, त्याच्यासाठी मगफिरत, म्हणजे अल्लाहची माफी, मागत राहायची, त्याच्या नावानं चांगली कामं करायची, आणि आशा ठेवायची. माफी मिळेल असं ते म्हणाले नाहीत. आता पाचही नमाजनंतर मी आधी तुमचं नाव घेतो. तुमच्या कबरीत उजेड मागतो, जागा मोठी मागतो. माझं मागणं शेवटी येतं आणि फार छोटं असतं. शंभर वेळा म्हणायची आता हिंमत होत नाही.

काल मी तुमच्या घरी गेलो. इरफान अकोल्याला परत गेला आहे, माझा फोन तो उचलत नाही. शाहीन सामान बांधत होती. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो आणि म्हणालो, तुमच्या सगळ्यांचा गुन्हेगार आहे, तुम्ही तरी माफ करा. ती म्हणाली, माफीचं मी काय सांगू भाई, थे अब्बाच्यापाशी व्हती.

मग तिनं मला आत बोलावलं आणि बसवलं. म्हणाली, त्या दिवशी तुमी हळू बोलले, पन मले दारातून अर्धं ऐकू आलं व्हतं. घड्याळ, खोटं, माफी. म्हनून तं मीनं म्हटलं, जोरानं बोला.

मी गेल्यावर तिनं तुमच्या कानाशी तोंड नेऊन तुम्हाला ते तिन्ही शब्द सांगितले. तुम्ही तिला विचारलंत, "थो मले सांगून राह्यला व्हता का अल्लाहले?"

आणि तुम्हीच पुढं म्हणालात, "येईन थो. त्याचं अर्धं झालं. आता आला तं तू पोरायले घेऊन बाहीर जाजो, दार लोटून घेजो. मंग थो जोरानं बोलीन."

तिनं सांगितलं की त्या दिवसापासून तुम्ही खाट फिरवून घेतलीत, रस्ता दिसेल अशी. थंडी होती, खोकला वाढत होता, ती दार लावायला उठायची तर तुम्ही हातानं नको म्हणायचात.

त्या नऊ दिवसांत मी तुमच्या घरावरून चार वेळा गेलो, चाचा. दार उघडं दिसलं. मला वाटलं, हवा यावी म्हणून उघडं ठेवलं असेल.